‘लूटी’ची कुळकथा

आपल्या भाषांनीं इंग्रजीस जे शब्द दिले त्यांत ‘लूट’ हा एक आहे. अठराव्या शतकांत तो कंपनीच्या नोकरांच्या तोंडीं बसला व त्यांच्याबरोबर विलायतेस गेला. पुढें तेथील राजवाड्यांत तो एका कुत्रीचें नांव होऊन राहिला, ही गोष्ट मात्र आपल्याकडे फारशी कोणाच्या वाचनांत आलेली दिसत नाहीं.

१८६० सालीं, दुसऱ्या अफूच्या युद्धाच्या अखेरीस, इंग्रज व फ्रेंच फौजा पेकिंगवर चालून गेल्या. इंग्रजांच्या बाजूस शीख व पंजाबी पलटणी, प्रोबिन व फेन यांचे हिंदी रिसाले आणि मद्रासचे सॅपर होते. तेव्हां या प्रकरणाशीं आपला संबंध केवळ एका शब्दापुरता नाहीं. सम्राट शिएनफंग जेहोलकडे निघून गेला होता. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यांत त्याचा उन्हाळी राजवाडा, युआन-मिंग-युआन, फौजांच्या हातीं लागला आणि लुटला गेला. वाटाघाटीस गेलेल्या माणसांचे कैदेंत हाल होऊन त्यांतील कांहीं मेले, याचा सूड म्हणून लॉर्ड एल्गिनच्या हुकुमानें १८ तारखेस त्यास आग लावण्यांत आली. (हाच एल्गिन १८६२त आपल्याकडे व्हाइसरॉय होऊन आला आणि पुढच्याच वर्षीं धर्मशाळेस वारला.)

त्या वाड्यांत पांच लहानगीं कुत्रीं सांपडलीं, अशी परंपरा आहे. राजघराण्यांतील एका वृद्ध स्त्रीनें आत्महत्या केली व तीं तिच्या शवाजवळ बसून होतीं, असेंही सांगतात; पण ही कथा जरा अधिकच नाटकी आहे. निश्चित तें एवढेंच कीं, कॅप्टन डन या अधिकाऱ्यानें आणलेली एक कुत्री १८६१त व्हिक्टोरिया राणीस नजर झाली. तिचें नांव ठेवण्यांत आलें ‘लूटी’! लुटीच्या मालास लुटीचेंच नांव देऊन त्याचे लाड करण्यांत कोणासही संकोच वाटला नाहीं. काइल नांवाच्या चित्रकाराकडून तिचें चित्र काढविण्यांत आलें. १८७२त ती विंडसर येथें मेली.

पेकिंगीज या नांवानें जगास ठाऊक झालेला हा वंश चीनच्या दरबारांत वाढला. सिंह हें बौद्ध धर्माचें मानाचें चिन्ह. पण चीनमध्यें सिंह नाहींत. तेव्हां मानेवर आयाळ असलेलें हें चिमुकलें कुत्रेंच ‘सिंह’ ठरलें. दरबारचें हें शील त्याच्या अंगीं अद्याप आहे. तें घरांतील एखाद्यावर जीव लावील. परक्याकडे मात्र ढुंकूनही पाहणार नाहीं. हांक मारतांच धांवत येणें त्यास कमीपणाचें वाटतें. ज्यांस आज्ञाधारकपणा हवा त्यांनीं दुसरा वंश पाहावा हें बरें.

याची निगा राखणें हें रोजचें काम आहे. दाट केसांस कानामागें गुंता होतो, म्हणून ते नित्य विंचरावे. नाकावरची घडी पुसून कोरडी ठेवावी. डोळे पुढें आलेले असल्यानें त्यांस लवकर इजा होते. पट्टा गळ्यास न बांधतां छातीवरून घ्यावा. आपल्याकडील वैशाखाच्या उन्हांत तर त्यास बाहेर काढूंच नये, कारण चपट्या नाकामुळें उष्ण हवेंत त्याचा जीव घुसमटतो.

आणि येथें दुसरी लूट सुरू होते. ‘लूटी’च्या चित्रांत व छायाचित्रांत मुस्कट आजच्या मानानें पुढें आहे, केसही बेताचे आहेत. प्रदर्शनांतील बक्षिसांच्या हौसेनें शंभर वर्षांत तें नाक आंत दाबीत नेलें. २००३ सालीं क्रफ्ट्सच्या प्रदर्शनांत एका पेकिंगीजनें सर्वोच्च मान मिळविला; त्याचें छायाचित्र घेतांना त्यास बर्फाच्या पिशवीवर बसवावें लागलें होतें, हें २००८ सालच्या बी. बी. सी.च्या एका बोलपटानें लोकांपुढें मांडलें. मोठा गहजब झाला. तेव्हां विलायतेच्या केनेल क्लबनें लक्षणें बदलून मुस्कट स्पष्ट दिसलेंच पाहिजे, असा नियम घातला. कुत्र्यास मुस्कट असावें हें नियमानें सांगावें लागलें!

पिलूं घेऊं इच्छिणारानें वंशावळीचा कागद पाहण्यापूर्वीं त्याच्या आईबापांस शंभर पावलें चालवावें व कान देऊन त्यांचा श्वास ऐकावा. नाकपुड्या उघड्या आहेत कीं चिरेसारख्या मिटलेल्या, हेंही पाहावें. झोपेंतील घोरणें कित्येकांस गोड वाटतें. तोच आवाज जागेपणींही येत असेल, तर तें पिलूं घेऊं नये.