कूतचे खंदक आणि बिननावाची माणसे

‘बसरा’ हा शब्द मी शाळेत जाण्यापूर्वीच घरात ऐकला होता. आजी सांगे की तिच्या सासऱ्याचा थोरला भाऊ बसऱ्याला गेला तो परत आलाच नाही. तो कोणत्या पलटणीबरोबर गेला, तिथे काय काम करीत होता, कशाने मेला, ह्यातले तिला काहीच ठाऊक नव्हते. त्याचे नावसुद्धा घरात दोन प्रकारे घेतले जाई. पुढे आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर म्हणून मी इतिहास शिकलो आणि आज भिवंडीच्या महाविद्यालयात तोच शिकवतो. नकाशावर बसरा सापडले, माणूस मात्र सापडला नाही. तो का सापडत नाही, हाच ह्या लेखाचा विषय आहे.

पहिल्या महायुद्धातील खंदकांची लढाई म्हटली की आपली पाठ्यपुस्तके फ्रान्सकडे बोट दाखवतात. महाराष्ट्राचे खंदक फ्रान्सपेक्षा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, अधिक खोल आहेत. १९१४ च्या ऑक्टोबरात मुंबई बंदरातून जी फौज निघाली, तिचे नावच सहावी पूना डिव्हिजन. पुण्याहून मुंबईकडे येणारी आगगाडी आमच्या भिवंडीपासून काही कोसांवरच्या कल्याणवरून जाते. ह्या डिव्हिजनमध्ये १०३ वी व ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री आणि ११७ वी मराठा अशा पलटणी होत्या. सेनापती टाउनशेंड ह्याने त्यांना तैग्रिस नदीच्या काठाकाठाने बगदादच्या दारापर्यंत नेले. १९१५ च्या नोव्हेंबरात टेसिफोनला साडेचार हजारांवर माणसे मेली वा जखमी झाली. उरलेली फौज मागे हटून कूत-अल-अमारा ह्या नदीच्या वळणावरच्या गावात आली आणि तिने स्वतःला खंदकांत गाडून घेतले. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत तुर्कांचा वेढा पडला होता.

ही कोंडी फोडण्यासाठी बाहेरून दुसरी फौज आली. फ्रान्सच्या चिखलातून काढलेल्या हिंदी पलटणी ह्या नव्या चिखलात आणून घातल्या गेल्या. शेख साद, वादी, हन्ना, दुजैला, सन्नैयात ही नावे आपल्याकडे कोणी पाठ करीत नाही. २१ जानेवारी १९१६ रोजी हन्ना येथे एका बाजूला नदी आणि दुसऱ्या बाजूला दलदल अशा चिंचोळ्या पट्टीतून सरळ तुर्की खंदकांवर माणसे सोडण्यात आली. त्या एका दिवसात सुमारे २,७०० माणसे पडली. रात्रभर पाऊस होता आणि जखमी चिखलात तसेच पडून होते. आत अडकलेल्या सुमारे तेरा हजारांना सोडवण्यासाठी बाहेरच्या तेवीस हजारांची हानी झाली आणि सुटका कुणाचीच झाली नाही.

ह्या वेढ्याच्या इतिहासातील एक प्रकरण आपण विशेष लक्ष देऊन वाचले पाहिजे. धान्य संपत आले तेव्हा घोडे आणि खेचरे कापून खाण्याचा हुकूम निघाला. गोऱ्या शिपायांनी मांस खाल्ले, पण बहुसंख्य हिंदी शिपायांनी, हिंदूंनी आणि मुसलमानांनीही, नाकारले. हिंदुस्थानातील धर्मगुरूंची परवानगी तारेने मागवावी लागली. परवानगी आली, तरी एप्रिल उजाडेपर्यंत पुष्कळांनी ते तोंडात घेतले नाही. गावी कळले तर पोरीबाळींच्या सोयरिकी तुटतील, ही त्यांची धास्ती होती. पिठाचा शिधा अखेर दिवसाला पाच औंसांवर, म्हणजे दीडशे ग्रॅमच्याही खाली आला. हिरड्या सुजून रक्त येणाऱ्या स्कर्व्हीने हिंदी शिपाई शेकड्यांनी खाटेला खिळले. त्या मांसाने हा रोग बराचसा टळला असता.

ह्या माणसांची मी टवाळी करीत नाही. ती भुकेली होती आणि दुसऱ्याच्या साम्राज्यासाठी मरत होती. पण ज्या समाजाला मेलेल्या जनावराचे मांस खातो म्हणून गावाबाहेर बसवले गेले, त्या समाजात मी जन्मलो. आमच्या वाडवडिलांनी ते चवीसाठी खाल्ले नव्हते. गावाने दुसरे काही ठेवले नव्हते, म्हणून खाल्ले होते. भूक माणसाकडून काय करवून घेते हे कूतच्या खंदकात सवर्ण शिपायालाही कळले. तिथेही त्याच्या मानेवर शत्रूच्या बंदुकीपेक्षा जातपंचायतीचा हात अधिक जड होता.

आता प्रश्न असा की ह्या खंदकांत आमची माणसे होती की नव्हती? बंदूक घेऊन नव्हती. कोरेगावच्या १ जानेवारी १८१८ च्या लढाईत लढणाऱ्या महारांची लष्करभरती इंग्रजांनी १८९२ च्या सुमारास ‘लढाऊ जाती’च्या नव्या शास्त्राने बंद केली होती. १८९४ मध्ये गोपाळबाबा वलंगकरांनी आणि १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे ह्यांनी अर्ज करूनही ते दार उघडले नव्हते. परंतु प्रत्येक पलटणीमागे दुसरी एक पलटण चालत असे, आणि तिला फौज ‘फॉलोअर’ म्हणे. भिस्ती, सईस, खेचरवाले, डोलीवाले, मेहतर असे ते लोक. सरकारी कागदांत त्यांचेही ‘वरचे’ आणि ‘हलके’ असे भाग पाडलेले होते. मेहतराचे काम कुणाला द्यायचे, हे मनूने आधीच ठरवून ठेवले होते. इंग्रजांनी फक्त त्याला पगारपत्रक जोडले. कूतला शरण गेलेल्यांत असे तीन हजारांहून अधिक अनुचर होते. ते कुणावर गोळी झाडीत नव्हते, पण त्यांना गोळी लागत होती. शिपाई खंदकात राहू शकला, तो त्यांनी पाणी आणले आणि घाण उपसली म्हणून.

ही माणसे नसतात तिथे काय होते, ह्याचा पुरावाही इतिहासात आहे. टेसिफोनचे जखमी घेऊन एक बोट बसऱ्याला आली. तिच्या कडांवरून दोरखंडासारखे काही लोंबताना मेजर कार्टर ह्या डॉक्टराला दिसले. बोट जवळ आल्यावर कळले की ती विष्ठा आहे. हलता न येणारी माणसे दिवसच्या दिवस तशीच पडून होती. कार्टरने हे लिहून कळवले, तेव्हा त्यालाच अटकेची धमकी मिळाली. पुढे चौकशी आयोग बसला, १९१७ मध्ये त्याचा अहवाल आला आणि भारतमंत्री चेंबरलेन ह्यांना जावे लागले. पण चौकशी झाली ती व्यवस्थेतील ढिलाईची. मेहतराला कुणी साक्षीला बोलावल्याचे मी कुठे वाचलेले नाही.

शरणागतीनंतर टाउनशेंड इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात राहिला. त्याची माणसे वाळवंटातून पायी हाकली गेली, रेल्वेच्या कामाला जुंपली गेली आणि हजारोंनी मेली. ह्या कैदेची हकीकत शिशिर सर्वाधिकारी ह्या बंगाली तरुणाने लिहून ठेवली. तो रुग्णसेवा पथकात होता आणि त्याला लिहिता येत होते. आमच्या माणसाला लिहिता येत नव्हते, कारण ते शिकणेच त्याला नाकारलेले होते. इतिहासाचा अभाव हा असा आधी निर्माण केला जातो आणि मग पुरावा नाही म्हणून आपल्यालाच सुनावले जाते.

कूत पडले, माणसे कमी पडू लागली, भरतीचे जाळे दूरवर टाकणे भाग झाले, आणि १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. १९२१ मध्ये ती मोडलीही. गरज सरो, वैद्य मरो! पुन्हा महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात. आपले दार नेहमी दुसऱ्याच्या लढाईने उघडले आणि लढाई संपताच लागले.

शेवटी नावांविषयी. कोरेगावच्या स्तंभावर पडलेल्या शिपायांची नावे कोरलेली आहेत. त्यांतली ‘नाक’ अंत्यपदाची नावे वाचायला बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी तिथे गेले आणि तेव्हापासून आपण जातो. १९२९ मध्ये बसऱ्याला जे स्मारक उभारले, त्यावर गोऱ्या शिपायांची नावे आहेत, हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. हिंदी शिपायांचे मात्र पलटणीखाली फक्त आकडे आहेत. शंभर वर्षांत साम्राज्याचा हात नावावरून आकड्यावर आला. युद्धस्मारकांची देखभाल करणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने २०२१ मध्ये ह्या भेदभावाबद्दल माफी मागितली आणि निदान १,१६,००० मृतांची नावे कुठेही नोंदलेली नसल्याचे मान्य केले. आपल्याकडे पुष्कळ गावांत त्या युद्धाच्या दगडी पाट्या आहेत. गावातून किती गेले आणि किती मेले, एवढेच त्यांवर लिहिलेले असते.

माझे काही विद्यार्थी कॉलेज सुटल्यावर भिवंडीच्या गोदामांत रात्रपाळीने माल उचलतात. वर्गात मी हाच विषय शिकवीत असताना एकजण म्हणाला, “सर, आम्हांलाबी तिथं नंबरच हाये.” मी पुढे काही बोलू शकलो नाही.

शौर्याचा अभिमान आपण जरूर बाळगावा. पण केवळ बंदूकवाल्यांचा इतिहास लिहिला तर आपणही पखाल वाहणाऱ्याला आणि घाण उपसणाऱ्याला पुन्हा वेशीबाहेर ठेवू. म्हणून शिक्षकांना आणि कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे की आपापल्या वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना ‘बसरा’ हा शब्द विचारा. जे नाव हाती लागेल ते वहीत उतरवा, ते दोन प्रकारे सांगितले गेले तर दोन्ही प्रकारे उतरवा. माझ्या वहीत पहिल्या पानावर मी तसेच केले आहे.