त्रिशिंग्याची कुळकथा

चौक गावच्या घरी भातखाचरातली चिकणमाती मळून मी एक जनावर केलं आणि चार वर्षांच्या भाचीपुढे ठेवलं. डोळ्यांवर दोन लांब शिंगं, नाकावर एक आखूड, तोंडाला पोपटासारखी चोच, मानेमागे सुपासारखी पसरलेली झालर. तिनं लांब शिंगांवरून बोट फिरवलं आणि सांगून टाकलं, "रेडा!"

मी तिला चूक म्हटलं नाही. १८८७ साली अमेरिकेत डेन्व्हरजवळ अशीच दोन शिंगं सापडली, तेव्हा येल विद्यापीठाच्या ओथनिएल मार्श यांनाही ती नामशेष झालेल्या रानगव्याचीच वाटली. त्यांनी नावही ठेवलं, 'बायसन अल्टिकॉर्निस'. पुढे मार्शसाठी जीवाश्म गोळा करणाऱ्या जॉन बेल हॅचर यांनी वायोमिंगमधून तशाच शिंगांच्या कवट्या पाठवल्या. नाकावरचं तिसरं शिंग दिसलं आणि १८८९ मध्ये मार्शनी या डायनासोरला नवं नाव दिलं: ट्रायसेराटॉप्स, तीन शिंगांचा चेहरा.

नाव ग्रीक, पण आपल्याच गोतातलं. 'ट्राय' म्हणजे आपलं 'त्रि'. 'केरास' म्हणजे शिंग. ते आणि संस्कृत 'शृंग' एकाच मुळातून फुटले. त्या शृंगाचंच मराठीत शिंग झालं. शेवटचा 'ऑप्स' हा 'अक्षि'चा सोयरा. म्हणून लहान मुलांना मी आधी शिंगं मोजायला लावते. भाचीनं मोजली, "एक, दोन, तीन," आणि त्याला त्रिशिंग्या म्हणू लागली. मार्श ज्या वाटेनं नावापर्यंत पोचले, त्याच वाटेनं तीही पोचली. ग्रीक नाव आता तिला जड जाणार नाही.

मग तिनं विचारलं, "हा आपल्या इर्शाळगडावर राहायचा?"

नाही. त्रिशिंग्या ६.८ ते ६.६ कोटी वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेत झाडपाला खात हिंडला. हत्तीएवढ्या वजनाचं धूड ते, नुसती कवटीच आठ फुटांपर्यंत. पण त्याच्या अखेरच्या काळात इकडे जमिनीच्या भेगांतून लाव्हा उसळत होता. थरावर थर साचून दख्खनचा काळा कातळ झाला. इर्शाळगड, माथेरान त्याच कातळातले. तो कातळ झिजला, पावसानं खाली आणला, त्याची खाचरात चिकणमाती झाली.

मी तिच्या बोटांना लागलेली माती दाखवली. "तो इथं नव्हता, पण ही माती ज्या दगडाची, तो दगड त्याच्याच वयाचा."

तिनं उरलेला गोळा उचलला आणि त्रिशिंग्याला एक पिल्लू केलं. शिंगं मोजून तीन.