पीप (श्वसनयंत्रातील दाब)

उच्छ्वासाच्या अखेरीस फुप्फुसांत मुद्दाम राखलेला दाब. तीव्र श्वसनत्रासात (एआरडीएस) वायुकोशांत द्रव साचतो, ते मिटतात आणि रक्ताला पुरेसा प्राणवायू मिळत नाही. पीप त्यांना मिटू देत नाही. १९६७ साली ॲशबॉ व सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये १२ रुग्णांवरून या विकाराचे वर्णन केले, तेव्हाच पीपचा उपयोग नोंदला गेला. दाब सेंटिमीटर पाण्यात मोजतात.

पीप सर्वांना एकच लागू होणाऱ्या ठरावीक तक्त्यावरून ठरवावा की रुग्णावरून, हा खरा वाद. २००४च्या अमेरिकी चाचणीत (५४९ रुग्ण) जास्त पीपने मृत्यू घटले नाहीत. मात्र २०१०मध्ये २,२९९ रुग्णांची माहिती एकत्र केल्यावर अधिक आजारी गटात मृत्यू ३९.१ वरून ३४.१ टक्क्यांवर आलेले दिसले. सौम्य गटात लाभ नव्हता. म्हणजे सरासरीने दोन वेगळी फुप्फुसे एकाच मापात बसवली होती. उलट २०१७मध्ये मोठ्या दाबाने फुप्फुस उघडण्याच्या प्रयोगात मृत्यू ४९.३ वरून ५५.३ टक्क्यांवर गेले. रुग्णावरून पीप ठरवण्याचे उदाहरण असे: १६५ सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाचे अपेक्षित वजन ६१.५ किलो, किलोमागे ६ मिली धरून एका श्वासाला सुमारे ३७० मिली हवा. श्वास भरल्यावर प्रवाह क्षणभर थांबवून प्लॅटो दाब वाचतात. तो २६ आणि पीप १० असेल, तर फरक १६. पीप १४ केल्यावर प्लॅटो २८ झाला, तर फरक १४, बंद भाग उघडला असावा; ३२ झाला, तर फुप्फुस ताणले जात आहे, पीप उतरवावा. हा फरक कमी ठेवावा, हे २०१५च्या ३,५६२ रुग्णांच्या फेरविश्लेषणातून आले. थेट चाचणीचा पुरावा नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. दुसरा आक्षेप, गर्दीच्या आयसीयूत तक्ताच परवडतो. परवडतो, पण सुरुवातीला. प्लॅटो वाचायला काही सेकंद लागतात आणि वेगळे उपकरण लागत नाही.

श्वसनयंत्रांची (व्हेंटिलेटरची) निर्मिती. म्हैसूर शहरात स्कॅनरे टेक्नॉलॉजीज ही कंपनी आहे. २०२०मध्ये केंद्राने भारत इलेक्ट्रॉनिक्सकडे ३०,००० व्हेंटिलेटर मागवले. त्या सीव्ही२०० यंत्राची रचना स्कॅनरेची, साहाय्य डीआरडीओचे.

पालथे निजवणे. एआरडीएसवरचा आणखी एक उपाय. २०१३ची चाचणी, ४६६ रुग्ण. २८ दिवसांतील मृत्यू ३२.८ ऐवजी १६ टक्के.