बिनठशाच्या चकतीचं कुळ

1943 साली अमेरिकेतल्या नाण्यांवर चालणाऱ्या यंत्रांनी खुद्द सरकारी टांकसाळीतून आलेल्या सेंटला खोटं ठरवलं. महायुद्धामुळे तांबं काडतुसांकडे वळलं होतं, म्हणून त्या वर्षीचा सेंट जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचा पाडला गेला. यंत्रांत लोखंडी चकत्या अडवायला लोहचुंबक बसवलेलं असे. त्याला नाण्यावरचा लिंकन दिसत नव्हता. त्याने पोलाद ओळखलं आणि नाणं अडवलं. माणसांची गत तरी काय वेगळी होती? नव्या कोऱ्या पांढऱ्या सेंटला डाइम, म्हणजे दहा सेंटचं नाणं, समजून लोक फसत होते. वर्षभरात हा प्रयोग गुंडाळावा लागला.

चुंबकाची यात काही चूक झाली असं मला वाटत नाही. चेहरा बाजूला ठेवून धातू कुठला एवढंच बघायचं, हे त्याचं काम होतं. ज्या चकतीवर मुळात चेहराच नाही, तिच्या बाबतीत जुन्या नाण्यांच्या व्यापाऱ्यालाही हेच करावं लागतं. अमेरिकेत अशा बिनठशाच्या चकत्यांचा छोटासा बाजार आहे. टांकसाळीत कापली गेली, पण ठसा बसण्याआधीच इतर नाण्यांबरोबर पिशवीतून बाहेर पडली, अशी चकती संग्राहक विकत घेतो. तिच्या शेजारी दिसायला तशीच, पण कवडीमोलाची चकती पडलेली असते. तिला तिकडे ‘स्लग’ म्हणतात. दोघींवर एक अक्षर नाही. मग ओळखायचं ते कुळावरून, आणि दोघींची कुळं अगदी निराळी आहेत.

पहिलं कुळ जुनं आहे. आपल्याकडच्या प्राचीन आहत, म्हणजे चिन्हं ठोकून उमटवलेल्या, नाण्यांत चकती गोल असावी असा आग्रहच नव्हता. चांदीचा पत्रा ठोकून त्याच्या पट्ट्या करायच्या, पट्ट्यांचे तुकडे पाडायचे आणि तुकडा जड भरला तर कोपरा छाटायचा. वजन जुळलं की मग त्यावर चिन्हं उमटवायची. वस्तुसंग्रहालयातली ही नाणी वेडीवाकडी दिसतात, ती काळाने झिजून नव्हे. ती जन्मतःच तशी आहेत. अकबराच्या काळापर्यंत चकती करणं हा स्वतंत्र हुद्दा झाला होता. ‘आईन-ए-अकबरी’त अबुल फजल टांकसाळीतल्या कारागिरांची जी यादी देतो, तिच्यात धातूच्या गोल चकत्या कापणारा जर्राब वेगळा, आणि त्या दोन ठशांमध्ये ठेवणारा सिक्कची वेगळा. म्हणजे जर्राबाच्या हातातून निघाल्यापासून सिक्कचीकडे पोचेपर्यंत चकती कोरी असे. तेवढ्या वेळात ती हरवली, तर ती नाणं होणार होती हे ओळखण्याची खूण वजनाखेरीज फारशी उरत नसे.

ही खूण कडेवर आली ती चोरांमुळे. युरोपात हाताने पाडलेल्या चांदीच्या नाण्यांच्या कडा लोक कातरून घेत. इंग्लंडात 1696 साली सगळी जुनी चांदीची नाणी परत घेऊन नवी पाडायची वेळ आली, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच नाण्यांचं निम्म्याच्या आसपास वजन कातरणाऱ्यांच्या घरी गेलेलं होतं. त्याच वर्षी न्यूटन लंडनच्या टांकसाळीत दाखल झाला. कातरण्यावर उतारा म्हणून नाण्याच्या कडेवर अक्षरं किंवा रेघा कोरण्याची युक्ती त्याच्या आधीच निघाली होती. फ्रान्समध्ये 1685च्या सुमारास कास्टेंग नावाच्या अभियंत्याच्या यंत्राने ती सोपी केली. पोलादाच्या दोन पट्ट्या, एक स्थिर आणि एक सरकती. मधून चकती लोळवली की कडेवर नक्षी उठते. अमेरिकेच्या टांकसाळीने सुरुवातीची काही दशकं हीच पद्धत वापरली. त्या काळातल्या अर्ध्या डॉलरच्या कडेवर त्याची किंमत अक्षरांत असे आणि ती ठसा बसण्याआधीच उमटवलेली असे. तेव्हाची कोरी चकती एका अर्थी पूर्ण कोरी नसायचीच.

1836 साली फिलाडेल्फियाला वाफेवर चालणारं दाबयंत्र आलं, त्याच सुमारास चकतीभोवती घट्ट पोलादी कडं बसू लागलं आणि कडेचे दाते ठशाबरोबर एकाच दाबात उठू लागले. याचा आजच्या संग्राहकाला थेट उपयोग होतो. अमेरिकेच्या क्वार्टर (25 सेंट) किंवा डाइमच्या आकाराची चकती दोन्ही बाजूंनी गुळगुळीत असेल आणि कडेला दाते असतील, तर ती कोरी चकती असूच शकत नाही. ते घासून सपाट केलेलं नाणं आहे. दाते असलेली चकती जास्त अस्सल दिसते आणि नवखे लोक तिच्यावरच पैसे घालवतात.

या कुळात चकत्यांचा परदेशी व्यापारही झाला आहे. बर्मिंगहॅमजवळच्या सोहो इथे मॅथ्यू बोल्टनने वाफेवरची टांकसाळ उभी केली. अमेरिकेच्या टांकसाळीला तांब्याचा पत्रा नीट लाटता येत नव्हता, तेव्हा 1797पासून बोल्टनच्या तयार चकत्या जहाजाने फिलाडेल्फियाला जात आणि तिथे फक्त ठसा बसे. स्वतंत्र झालेल्या देशाचं नाणं ज्यांच्यापासून स्वातंत्र्य घेतलं त्यांच्याच तांब्यावर उमटत होतं, पण याचं कुणाला फारसं वाईट वाटलेलं दिसत नाही. कंपनी सरकारच्या मुंबई इलाख्यासाठी 1791 आणि 1794चे तराजूचं चित्र असलेले तांब्याचे पैसे बोल्टनने तर पूर्ण पाडूनच पाठवले. पुढे 1820च्या दशकात मुंबईच्या कोटात टांकसाळीची इमारत उभी राहिली, तिची यंत्रंही बोल्टन-वॉट कारखान्याचीच होती.

आजची चकती निघते ती अशी: धातूच्या लांब पट्टीतून ठोकळ्याने गोल तुकडे पाडतात, ते भट्टीत तापवून मऊ करतात, धुतात, आणि मग त्यांच्या व्यासापेक्षा जरा अरुंद खाचेतून लोळवत नेतात. कड चेपली जाते आणि दोन्ही बाजूंना काठ उचलला जातो. नाण्याच्या चित्राभोवती आपल्याला जो उंचवटा दिसतो, त्याचा पाया इथे पडतो. काठ उचलण्याआधी निसटलेली चकती सपाट आणि किंचित मोठी असते, काठ उचलल्यावर निसटलेली किंचित लहान. दोन्ही अस्सल आहेत. मात्र काठ असलेली चकती ओळखायला सोपी, कारण साधी चकती पाडणारा कुठलाही कारखाना तिचा काठ उचलायच्या भानगडीत पडत नाही.

या यंत्राची एक गमतीदार साक्ष आहे. पट्टी पुढे सरकायला चुकली, तर ठोकळा आधीच्या भोकावर थोडा चढतो आणि चकतीचा चंद्रकोरीएवढा तुकडा कमी पडतो. अशी चकती खाचेतून जाताना कोर आलेल्या जागी दाब बसत नाही, त्यामुळे नेमक्या तिच्या समोरच्या बाजूलाही काठ नीट उठत नाही. घरी कानशीने कोर पाडणाऱ्याला समोरचा काठ बसका करायचं सुचत नाही.

धातूचा कस लावायचा तोही कडेवर. 1965पासून क्वार्टर आणि डाइममध्ये शुद्ध तांब्याचा गाभा आणि दोन्ही बाजूंना तांबं-निकेलचे थर असतात. थर आधी जोडतात, चकती नंतर कापतात, म्हणून कडेवर तांब्याची लाल रेघ उघडी दिसलीच पाहिजे. 1982पासूनच्या जस्ताच्या सेंटचं याच्या बरोबर उलट आहे. तिथे चकती आधी कापत आणि तांब्याचा मुलामा नंतर देत, म्हणून कड पूर्ण झाकलेली हवी. शिवाय वजन आहेच: हा सेंट 2.5 ग्रॅम, त्याआधीचा 3.11, निकेल म्हणजे पाच सेंटचं नाणं 5 आणि क्वार्टर 5.67. ठसा बसताना धातू कमी होत नाही, तेव्हा कोऱ्या चकतीचं वजनही हेच भरायला हवं. आम्लात बुडवून चित्र विरघळवलेलं नाणं काट्यावर हलकं भरतं. त्याचा पृष्ठभागही खरखरीत, खाल्ल्यासारखा दिसतो.

दुसरं कुळ यापेक्षा फार तरुण आहे, आणि खरं तर त्यात दोन शाखा आहेत. एक शाखा लबाडीची. नाणं टाकून वस्तू देणारी यंत्रं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पसरली. 1888 साली न्यूयॉर्कच्या उन्नत रेल्वेच्या फलाटांवर च्युइंगमची यंत्रं लागली, पुढच्याच वर्षी हार्टफर्डला विल्यम ग्रेचा नाण्यावर चालणारा टेलिफोन आला. लगोलग शिशाच्या आणि लोखंडाच्या चकत्याही आल्या. यंत्रवाले मग हुशार झाले. नाणं चुंबकाजवळून घरंगळवलं, तर विजेच्या उत्तम वाहक धातूत विद्युतप्रवाहाचे भोवरे उठून ते जास्त मंदावतं, कमी वाहक धातूचं नाणं कमी मंदावतं. मंदावण्यावरून नाणं कुठल्या खोबणीत पडणार ते ठरू लागलं. हा पहारेकरी इतका रुजला, की 1965 साली चांदी सोडून नवा धातू निवडताना सरकारला त्याची मर्जी राखावी लागली. तांब्याच्या गाभ्याचा तो तीन थरी पत्रा निवडण्यामागे, जुन्या यंत्रांना तो चांदीसारखाच वाटावा, हे एक मोठं कारण होतं.

या शाखेतला माझा आवडता किस्सा न्यूयॉर्कचा. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला शेजारच्या कनेक्टिकट राज्याच्या टोलनाक्याचं साडेसतरा सेंटचं टोकन न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या 75 सेंटच्या टोकनाच्या जागी सर्रास चालू लागलं. लोक ती मूठमूठ आणत. यावरून पेटलेलं दोन्ही राज्यांचं भांडण 1985 साली मिटलं, तेव्हा कुठे हे थांबलं. टोलनाक्यावर सरकारमान्य असलेलं तेच टोकन रेल्वेच्या फाटकात स्लग होतं.

दुसरी शाखा मात्र पूर्ण निष्पाप आहे, आणि व्यापाऱ्याच्या टेबलावर येणारी बहुतेक रद्दी तिचीच असावी असा माझा अंदाज आहे. विजेच्या वायरिंगसाठी भिंतीत जी पोलादी पेटी बसवतात, तिच्या बाजूंना अर्धवट कापलेल्या गोल झडपा असतात. इलेक्ट्रिशियन लागेल ती झडप ठोकून पाडतो आणि चकती जमिनीवर टाकून निघून जातो. अमेरिकेत यातल्या सर्वांत नेहमीच्या भोकाचा व्यास 7/8 इंच, म्हणजे 22.2 मिमी असतो. पत्रा 1.6 मिमी जाड धरला तर चकतीचं वजन 4.9 ग्रॅमच्या जवळ जातं. निकेलच्या 5 ग्रॅमला अगदी खेटून! नुसत्या काट्यावर भरवसा ठेवणारा इथे हमखास फसतो. निकेलचा व्यास 21.21 मिमी आहे, हे व्हर्नियर कॅलिपर सांगतो. अमेरिकेत चुंबक त्याहून लवकर सांगतं, कारण 1943चा तो सेंट सोडला तर तिथलं चलनातलं नाणं चुंबकाला चिकटत नाही.

भारतात हीच परीक्षा लावू गेलात, तर सगळा मामला उलटा होतो. 1992पासूनचा आपला पोलादी रुपया 83 टक्के लोखंड आणि 17 टक्के क्रोमियमचा आहे आणि तो चुंबकाला झटकन चिकटतो. खरी कोरी चकती चिकटणार आणि वायरमनची चकतीही चिकटणार. मग पुन्हा कडेकडेच जावं लागतं. रुपयाचं पोलाद आरपार एकच असतं, त्यामुळे कापलेली कडही तोंडासारखीच दिसते आणि सहसा गंजत नाही. वायरिंगच्या पेटीच्या पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो तो फक्त दोन्ही तोंडांवर. ठोकून पाडलेल्या कडेला उघडं लोखंड राहतं. झडप पेटीला जिथे धरलेली होती, तिथे तुटलेल्या दुव्याचं खडबडीत टोक बोटाला लागतं, आणि एखादा पावसाळा गेला असेल तर कडेवर तांबूस गंजही चढलेला असतो.