नांगराची जाहिरात आणि एका मासिकाचा जन्म

मराठी नियतकालिकांच्या इतिहासात १९२० हे साल दोन कारणांनी लक्षात ठेवावे असे आहे. या वर्षी ‘मनोरंजन’कार का. र. मित्र वारले आणि याच वर्षाच्या जानेवारीत किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले. पहिल्या घटनेची नोंद आपल्या वाङ्मयेतिहासांत आदराने होते. दुसरीची होते ती दोन-चार ओळींत, ‘मध्यमवर्गाचे लोकप्रिय मासिक’ असा शिक्का मारून. ‘खबर’ हे मुळात एका कारखान्याचे जाहिरातपत्र होते, ही गोष्ट तर आपण जरा संकोचानेच सांगतो. साहित्याचा उगम जाहिरातीत असावा, हे मानायला मन धजत नाही. माझ्या मते मात्र या मासिकाचे सारे वेगळेपण त्या उगमातच आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली आणि मग ते कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर यांकडे वळले. १९१० साली औंध संस्थानाच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या, निवडुंगाने भरलेल्या माळावर कारखाना उभा राहिला. जवळचे स्टेशन कुंडल रोड. पुढे त्याचेही नाव किर्लोस्करवाडी झाले. (पहिल्या महायुद्धात कच्चे लोखंड मिळेना, तेव्हा किल्ल्यांवरच्या जुन्या तोफा वितळवून नांगर केल्याची हकीकत सांगतात. कादंबरीकाराच्या नजरेतून ही प्रतिमा कशी निसटली, याचे मला नेहमी नवल वाटते.) पण नांगर तयार होणे वेगळे आणि तो खपणे वेगळे. लोखंडाच्या फाळाने जमिनीत विष कालवले जाते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर विकले जायला दोन वर्षे लागली, असे या घराण्याच्या इतिहासात नोंदलेले आहे.

इथे जरा थांबायला हवे. सामान्यतः विक्रेत्याला ग्राहकाच्या मनात एक इच्छा निर्माण करायची असते. लक्ष्मणरावांना आधी ग्राहकाच्या मनातली एक समजूत काढून टाकायची होती. माल विकण्यापूर्वी माणसाची विचार करण्याची रीत बदलावी लागणार होती. प्रबोधन ही त्यांच्या धंद्याची गरज होती. हौस किंवा उपकार म्हणून ते आलेले नव्हते.

ही गरज ज्याच्या वाट्याला आली, तो माणूसही नमुनेदार होता. शंकर वासुदेव किर्लोस्कर, म्हणजे शंवाकि (१८९१–१९७५), हे लक्ष्मणरावांचे पुतणे. शिक्षण चित्रकलेचे, काही काळ लाहोरला पंडित सातवळेकरांच्या हाताखाली त्यांनी कुंचला चालवला होता. चित्रकार व्हायला निघालेला हा तरुण चुलत्याच्या कारखान्यात येऊन विक्री आणि जाहिरात पाहू लागला. आज जाहिरात संस्थेत कॉपी लिहिणारा, चित्र काढणारा आणि गिऱ्हाईक सांभाळणारा अशी तीन माणसे तीन टेबलांवर बसतात. वाडीला ही तिन्ही टेबले एकाच माणसाची होती. पाश्चात्त्य कारखाने आपली गृहपत्रे काढीत, त्याच जातीचे पत्र आपणही काढावे, हा विचार त्यातून आला. ‘शंवाकीय’ हे त्यांचे आत्मचरित्र आपल्याकडे व्यंगचित्रकाराचे आणि संपादकाचे आत्मकथन म्हणून वाचले जाते. एका विक्रेत्याची घडण म्हणूनही ते वाचायला हवे.

आता या योजनेतली गोम पाहा. नांगर घेणारा शेतकरी बहुधा निरक्षर होता, आणि मासिक वाचणारा बहुधा नांगर घेणार नव्हता. म्हणजे जाहिरात म्हणून पाहिले, तर हे पत्र चुकीच्या पत्त्यावर जात होते. दुसरा कोणी व्यवस्थापक असता तर त्याने ते बंद केले असते. शंवाकिंनी पत्ता बदलला नाही, मजकूर बदलला. नांगराच्या बातम्या आटत गेल्या आणि उद्योग, आरोग्य, प्रवास, कथा, व्यंगचित्रे वाढत गेली. पुढे नावातली ‘खबर’ही गळाली आणि उरले नुसते ‘किर्लोस्कर’. मालाची जाहिरात करणारे पत्र स्वतःच एक माल झाले, असे कुणी म्हणेल. ते खोटे नाही. पण मित्रांच्या ‘मनोरंजन’चा सारा भार एका माणसाच्या खांद्यावर होता. इथे पाठीशी कारखाना होता, हातात छापखाना होता आणि अंक वेळेवर निघालाच पाहिजे ही कारखान्याची शिस्त होती. वाङ्मयीन नियतकालिकांच्या कथा आपण त्यागाच्या भाषेत सांगतो. हिशेबाच्या वहीने साहित्याला काय दिले, हे सांगत नाही.

या आधाराचा उपयोग शंवाकिंनी सुरक्षित मजकूर छापण्यासाठी केला असता, तर हा लेख लिहायचे कारण नव्हते. सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते (१९२४–१९३७). राजकारणावर लिहिण्याची त्यांना बंदी होती. पोथीनिष्ठेवर आणि भाबड्या धर्मसमजुतींवर तुटून पडणारे त्यांचे अनेक निबंध ‘किर्लोस्कर’ने छापले. ज्याला खेड्यापाड्यांत माल विकायचा आहे, त्याने गिऱ्हाइकाच्या श्रद्धेला हात घालू नये, हा बाजाराचा साधा नियम. तो इथे मोडला गेला. मला वाटते, लोखंडाने जमीन नासते म्हणणाऱ्या समजुतीशी ज्या घराने आधी झुंज घेतली होती, त्याला हे निबंध परके वाटलेच नसावेत.

या दृष्टीला मर्यादाही होत्या. ‘उद्योग करा, वर या’ हे सांगणे मालकाच्या जागेवरून झालेले होते. भट्टीपाशी उभ्या असलेल्या कामगाराला तिथून काय दिसत होते, ते या पानांत शोधावे लागते. आणि पत्ता न बदलण्याची किंमतही होतीच. गांधीहत्येनंतर १९४८ साली ब्राह्मणांच्या घरांवर आणि उद्योगांवर जाळपोळीची लाट आली, तिच्यातून किर्लोस्करवाडीही सुटली नाही. अठ्ठावीस वर्षे विवेकाची भाषा बोलणारे मासिक ज्या मुलखातून निघत होते, त्या मुलखापर्यंत ते कितीसे पोचले होते? हा प्रश्न एकट्या किर्लोस्करांचा नाही, मराठी नियतकालिकांचाच आहे; पण इथे तो आगीच्या उजेडात दिसतो.

‘खबर’च्या पाठोपाठ १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ निघाले. बाई ही स्वतंत्र वाचक आहे, हे ओळखणे विक्रेत्याचे चातुर्य होते. तिला पाककृतींपलीकडचे काही द्यावे, हा संपादकाचा निर्णय होता. दोहोंची सांगड पुढे पाच दशके टिकली. विद्या बाळ १९८३ ते १९८६ या काळात ‘स्त्री’च्या संपादक होत्या. त्या तिथून बाहेर पडल्या आणि १९८९ साली त्यांनी ‘मिळून साऱ्याजणी’ काढले. या वेळी पाठीशी कुठलाही कारखाना नव्हता.