भालाईत, रणगाडा आणि रेघांची वही

टेकडीवर एक शहर आहे. शहरात एकच भालाईत, ढाल रोवून उभा. समोरून रणगाडा चालून येतो, पडद्यावर झटापट होते आणि रणगाडा नाहीसा होतो. भालाईत जखमी, पण जागच्या जागी. 2001 साली आलेला ‘सिव्हिलायझेशन 3’ ज्यांनी रात्र रात्र जागून खेळला, त्यांना हा प्रसंग वर्णन करून सांगावा लागत नाही. त्यावर जगभरच्या खेळाडूंची एकच ओरड होती : संगणक लबाडी करतो.

थोडे खेळाडू मात्र ओरडत बसले नाहीत. त्यांनी खेळ त्याच क्षणी सेव्ह केला, लढाई लावली, निकाल टिपला, पुन्हा तीच लढाई लावली. शंभर वेळा, पाचशे वेळा. पडद्यावर न दिसणारा नियम बाहेर काढायचा तर दुसरी वाट नव्हती. मीही अशी एक वही भरली आहे. चार उभ्या रेघा आणि पाचवी तिरकी, पानामागून पान. तेव्हा मला वाटे की हा उद्योग संगणकाबरोबरच जन्माला आला. पुढे वाचत गेलो तसे कळले की मोजणाऱ्याचे घराणे फार जुने आहे, आणि त्याच्यासमोर नियम झाकून बसणाऱ्याचेही.

मोजणाऱ्यांचा मूळ पुरुष मला महाभारताच्या वनपर्वात भेटतो. द्यूतात राज्य घालवलेला नल बाहुक हे नाव घेऊन अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे सारथी म्हणून राहिलेला असतो. नलाची पत्नी दमयंती हिच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता येते आणि दोघे विदर्भातल्या कुंडिनपुराकडे निघतात. वर्धा नदीकाठचे अमरावती जिल्ह्यातले कौंडिण्यपूर ते हेच, असे परंपरा सांगते. वाटेत ऋतुपर्ण एका बेहड्याच्या झाडाकडे नजर टाकतो आणि त्याची पाने किती, फळे किती, हे सांगून मोकळा होतो. राजाला वेळेवर पोचायची घाई आहे. बाहुक मात्र रथ थांबवतो. स्वतः मोजल्याशिवाय मी हे मानणार नाही, असे सांगून तो झाड पाडतो आणि मोजायला बसतो. आकडा बरोबर निघतो. मग अश्वविद्येच्या बदल्यात ऋतुपर्ण त्याला अक्षहृदय, म्हणजे फाशांचे रहस्य, शिकवतो. त्या काळी फासे म्हणून बेहड्याचीच फळे वापरत. ज्या फळांनी नलाचे राज्य नेले, तीच फळे तो मोजत होता. या कथेत नलाला पछाडणारा कली त्याच्या शरीरातून बाहेर पडतो तो प्रसंग आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असतो. मला घाईतल्या राजाला ताटकळत ठेवून झाडाखाली फळे मोजणारा नल जास्त मोलाचा वाटतो.

याच घराण्याची दुसरी शाखा इटलीत सापडते. तीन फासे टाकले तर 9 ही बेरीज सहा प्रकारच्या जुळण्यांनी येते, 10 ही बेरीजही सहाच प्रकारांनी. तरीही 10 अधिक वेळा पडते, असा जुगाऱ्यांचा अनुभव होता. हे कोडे गॅलिलिओपुढे आले. सतराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या एका छोट्या टिपणात त्याने ते सोडवले. 3-3-3 हे दान एकाच रीतीने पडते, पण 3-3-4 तीन रीतींनी पडते, कारण 4 तिन्हींपैकी कुठल्याही फाशावर येऊ शकतो. असे सगळे हिशेब मांडले की 216 शक्यतांपैकी 9 च्या वाट्याला 25 येतात आणि 10 च्या वाट्याला 27. गॅलिलिओची तर्कशुद्धता थोर आहेच, पण माझा जीव अडकतो तो त्या निनावी जुगाऱ्यांत. हा फरक शेकडा एकाहूनही कमी आहे. तो नुसत्या निरीक्षणाने खात्रीपूर्वक ओळखायचा तर दहा हजारांच्या घरात दाने पाहावी लागतात. त्यांनी ती पाहिली होती आणि ध्यानातही ठेवली होती.

वही घेऊन बसणारा पहिला पक्का माणूस म्हणून मी इंग्लंडच्या वेल्डनचे नाव घेईन. हा प्राणिशास्त्रज्ञ. 1894 साली फ्रान्सिस गाल्टनला लिहिलेल्या पत्रात त्याने आपल्या दानांची आकडेवारी कळवली : बारा फासे एकदम टाकायचे, 5 किंवा 6 किती फाशांवर आले ते लिहायचे, असे 26,306 वेळा. एकूण 3,15,672 फासे पडले. फासे निर्दोष असते तर 5 किंवा 6 सुमारे 1,05,224 वेळा यायला हवे होते. आले 1,06,602 वेळा. कोणी म्हणेल, एवढासा तर फरक! पण इतक्या दानांत तो योगायोगाने पडणे जवळजवळ अशक्य आहे. 1900 साली संख्याशास्त्रज्ञ कार्ल पीअरसनने अपेक्षित आणि प्रत्यक्ष आकड्यांतला फरक जोखणारी काय-वर्ग चाचणी मांडली तेव्हा हीच आकडेवारी उदाहरणाला घेतली. फासे असे झुकण्याचे कारण बहुधा साधे होते. फाशाचे ठिपके कोरून काढलेले असतात, त्यामुळे जास्त ठिपक्यांची बाजू किंचित हलकी होते आणि वर येते. निर्मात्याने न सांगितलेला, कदाचित त्यालाही ठाऊक नसलेला नियम वेल्डनच्या रेघांतून बाहेर आला.

आता नियम झाकणाऱ्यांकडे वळू. त्यांचे मूळ प्रशियाच्या सैन्यात आहे. 1824 साली फॉन राइसवित्झ या तरुण लेफ्टनंटने वडिलांनी सुरू केलेल्या युद्धखेळाला नवे रूप देऊन तो प्रसिद्ध केला. 1:8000 प्रमाणाचा नकाशा, त्यावर लाल-निळ्या सोंगट्या, आणि दोन्ही बाजूंच्या मध्ये एक पंच. खेळणाऱ्या अधिकाऱ्याने आपला हुकूम द्यायचा. फासे, कोष्टके आणि हिशेब पंचाने बघायचे. एखाद्या तुकडीने अमुक पावलांवरून गोळीबार केला तर समोरचे किती पडतील, हे त्या कोष्टकांत होते. आणि कोष्टकांतले आकडे राइसवित्झने मनाने रचलेले नव्हते. त्यांच्या मागे प्रशियन सेनानी शार्नहोर्स्टने घेतलेल्या बंदुकांच्या चाचण्या होत्या. खऱ्या मैदानात, खऱ्या लक्ष्यावर गोळ्या झाडून कोणीतरी भोके मोजली होती. म्हणजे ही दोन घराणी आरंभापासून सोयरीच आहेत. पंचाने जे झाकले, तेही मुळात मोजूनच मिळवलेले होते.

पुढे 1876 साली व्हेर्डी द्यु व्हेर्न्वा या प्रशियन अधिकाऱ्याने ती कोष्टके आणि फासेही बाजूला ठेवले. अनुभवी पंच सांगेल तो निकाल, असा मुक्त खेळ त्याने पुरस्कारला. खेळाडूच्या दृष्टीने नियम आता पूर्णपणे दुसऱ्याच्या डोक्यात गेला.

तो परत टेबलावर आणला अमेरिकेतल्या चार्ल्स रॉबर्ट्सने. 1954 चा त्याचा ‘टॅक्टिक्स’ आणि 1958 पासून त्याच्या ॲव्हलॉन हिल कंपनीने काढलेले पटावरचे युद्धखेळ घराघरात खेळायचे होते, तिथे पंच कुठून आणणार? म्हणून लढाईच्या निकालांचे कोष्टकच खोक्यात छापून आले. बळाचे प्रमाण काढा, फासा टाका, रकाना बघा. तीनास एक प्रमाण असताना हल्ला केला तर काय काय होऊ शकते, हे खेळाडूला टाकण्याआधी ठाऊक. हे खेळ मला विशेष आदराचे वाटतात, कारण त्यांत झाकायला जागाच नव्हती. हिशेब करणारे यंत्र म्हणजे खेळाडू स्वतःच.

संगणक आला आणि पंच परतला. 1991 साली मायक्रोप्रोझचा पहिला ‘सिव्हिलायझेशन’ आला. सिड मायर आणि ब्रूस शेली यांच्या या खेळात लढाईचा निकाल एका दानात लागे, आणि दुबळ्या बाजूच्या पदरात नेहमी थोडी तरी शक्यता असे. प्राचीन ग्रीक भालाइतांच्या तुकडीने युद्धनौका बुडवल्याच्या हकिकती तेव्हाच्याच. 1996 च्या दुसऱ्या आवृत्तीने प्रत्येक सैनिकाला जीव-गुण दिले आणि एका दानाऐवजी अनेक चकमकींची लढाई केली. याने किती फरक पडतो तो बघण्यासारखा आहे. समजा, एका चकमकीत बलवानाची बाजू तीनास एक आहे. एकाच दानात निकाल लावला तर दुबळा शंभरात 25 वेळा जिंकेल. दोघांना प्रत्येकी 10 घाव सोसता येत असतील तर तोच दुबळा शंभरात एकदाही धड जिंकत नाही. तिसऱ्या आवृत्तीत नियमित सैनिकाला 3 आणि अनुभवी सैनिकाला 4 च जीव-गुण दिले. तिथे तो शंभरात अनुक्रमे 10 आणि 7 वेळा जिंकतो.

भालाईताचे गुपित हेच. रणगाड्याचा हल्ला 16, भालाईताचा बचाव 2. टेकडीचे 50 टक्के आणि ठाण मांडून बसल्याचे 25 टक्के धरले की बचाव 3.5 होतो. दोघेही अनुभवी असतील तर भालाईत शंभरात सुमारे 2 वेळा टिकतो. एका लांबलचक खेळात अशा शेकडो लढाया होतात. संगणक लबाडी करत नव्हता. त्याने कोष्टक दाखवले नव्हते, एवढेच.

मोजणाऱ्यांपुढे इथे एक खड्डा होता, त्याचा उल्लेख करायलाच हवा. तिसऱ्या आवृत्तीत ‘रँडम सीड’, म्हणजे ज्या आकड्यावरून संगणक पुढची दाने काढतो तो, जपून ठेवण्याची सोय होती. ती चालू असेल तर सेव्ह केलेला खेळ उघडून तोच हल्ला केला की तेच दान पडे. हे न पाहता कोणी शंभर वेळा लढाई लावली तर शंभरही निकाल सारखे येणार आणि वहीत शंभर टक्के लिहिले जाणार. हा शंभर लढायांचा पुरावा नव्हे, एकाच लढाईच्या शंभर नकला होत. नियम शोधायच्या आधी मोजमापाचे साधन तपासावे लागते. वेल्डनच्या विद्येतला हा पहिला धडा खेळाडूंनी पडद्यासमोर बसून पुन्हा गिरवला.

झाकलेला नियम एक वेळ समजू शकतो. दाखवलेला आकडाच वेगळा असेल तर? जपानी ‘फायर एम्ब्लेम’ मालिकेत, 2002 साली गेम बॉय ॲडव्हान्सवर आलेल्या भागापासून, तसे झाले. पडद्यावर 75 टक्के नेम दिसतो. सरळ हिशेबात 0 ते 99 मधली एक संख्या निघावी आणि ती 75 हून लहान असेल तर वार लागावा. या खेळात दोन संख्या काढून त्यांची सरासरी घेतात. सरासरी मधल्या आकड्यांकडे झुकते, म्हणून दाखवलेले 75 प्रत्यक्षात 87.75 होतात, 90 चे 98.10 होतात, आणि 10 चे उरतात 2.10. खेळाडूंनी मोजून आणि प्रोग्राम उलगडून हे बाहेर काढले. इथे शंभर लढायासुद्धा पुष्कळ झाल्या, कारण 75 आणि 88 यांतली दरी तेवढ्यात उघडी पडते.

असे का केले असेल, याचे उत्तर शोधताना सिड मायरचे 2010 सालचे सॅन फ्रान्सिस्कोतले भाषण महत्त्वाचे ठरते. गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये त्याने आपल्या चाचणी-खेळाडूंची हकिकत सांगितली. तीनास एक अशी बाजू असताना हरले की ते रागावत. इतके बळ असताना हार कशी, हा त्यांचा सवाल. स्वतः दुबळे असताना जिंकले तर मात्र त्यांना काहीच गैर वाटत नसे. एकामागून एक दोन पराभव तर मुळीच सहन होत नसत. तेव्हा ‘सिव्हिलायझेशन रेव्होल्यूशन’मध्ये आधीच्या लढायांचे निकाल लक्षात घेऊन पुढची शक्यता हलवण्यात आली. ‘एक्सकॉम’च्या नव्या खेळांतही सोप्या पातळ्यांवर नेम चुकत गेला की पुढचा नेम गुपचूप सुधारतो. खेळाडूच्या मनातल्या आकड्याशी खेळाने स्वतःचा आकडा जुळवून घेतला.

मला हे पटत नाही. खेळाडूचे मन सांभाळण्याचा हेतू मी समजू शकतो, पण पडद्यावर छापलेला आकडा हा शब्द दिल्यासारखा असतो. 90 लिहायचे आणि 98 द्यायचे, हे खेळाडूच्या बाजूने असले तरी ती फसवणूकच. त्यातून पिढ्यान्‌पिढ्या अशी समजूत रुजते की 90 टक्के म्हणजे नक्की. मग खराखुरा 90 देणारा प्रामाणिक खेळ लबाड ठरतो.

‘बॅटल फॉर वेसनॉथ’च्या वाट्याला हेच आले. 2003 पासून चालत आलेल्या या मुक्त खेळाचा सगळा सोर्स कोड कोणालाही वाचता येतो. हल्ल्याआधी संभाव्य निकालांचा तक्ता पाहता येतो, आणि अपेक्षित हानी किती, झालेली हानी किती, हे खेळच जमाखर्चासारखे मांडून दाखवतो. तरी तक्रारी येतच राहिल्या. ‘सिव्हिलायझेशन 4’नेही लढाईआधी शक्यता टक्क्यांत दाखवायला सुरुवात केली, 2006 साली त्याच्या गाभ्याचा कोडही खेळाडूंच्या हाती दिला, आणि तिथून लढाईचे सूत्र वाचून काढण्याची सोय झाली. कोड वाचता आला तरी मोजणे संपत नाही. सूत्रात काय लिहिले ते कोड सांगतो, आपल्या हातून काय वाचायचे राहिले ते मोजणी सांगते.

तेव्हा खेळणाऱ्यांना एक विनंती. भालाईताने रणगाडा उडवला की त्याच रात्री वही काढा. पहिल्या ओळीत जमीन, तटबंदी आणि दोघांचा अनुभव लिहा. सीड बदलते आहे याची खात्री करून घ्या. निदान 400 लढाया होईपर्यंत थांबू नका. तेवढ्यात तुमचा आकडा खऱ्या आकड्याच्या पाचेक टक्क्यांच्या आत येतो. जिंकलेल्या लढायांच्या रेघाही ओढा, हरलेल्या तर न लिहिताही लक्षात राहतात. आणि भरलेली वही दुसऱ्या एखाद्या खेळाडूच्या हाती द्या, म्हणजे तोही मोजून बघेल.