पाऊस कुणाच्या शिवारात?

मार्च 1877. सोलापूर जिल्ह्यात दुष्काळी कामावर तुम्ही खडी फोडताय. गेल्या पावसाळ्यानं दगा दिला, कणग्या रिकाम्या झाल्या, बैल कवडीमोलानं गेले. सरकारनं मजुरी रतलभर धान्य आणि एक आणा इतकी खाली आणली आहे. यंदा तरी पडेल का, असं शेजारच्याला विचारता. तो वर बघतो. मार्चच्या आभाळात काय दिसणार? हवामान खातं स्थापन होऊन दोनच वर्षं झालीत. त्याचे प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड कलकत्त्यात बसून याच प्रश्नाशी झुंजताहेत. हिमालयात बर्फ जास्त साचलं की मैदानात पाऊस ओढ देतो, असं पुढे त्यांच्या ध्यानात येईल आणि 1886 पासून पावसाळ्याचा अंदाज दरवर्षी निघू लागेल. तुमच्या घरच्यांना त्याचा आता उपयोग नाही.

पण तुमचा प्रश्न सोडू नका. पुढे जिथे उतराल तिथे तोच विचारा, जरा बदलून: माझ्या गावात पडेल का?

1909, सिमला. केंब्रिजचे गणिती गिल्बर्ट वॉकर खात्याचे प्रमुख आहेत. मॉरिशसमधला हवेचा दाब, दक्षिण अमेरिकेतला दाब, झांजिबारचा पाऊस, हिमालयातलं बर्फ असे आकडे त्यांचे कारकून वहीत उतरवतात आणि हातानं गुणाकार-बेरजा करत भारतातल्या पावसाशी ताडून पाहतात. इतक्या दूरच्या हवेचा आपल्या शेताशी संबंध असेल, असं मानायला धाडस लागतं. हे धाडस पुढे खरं ठरलं. प्रशांत महासागराच्या दोन टोकांचा दाब झोक्यासारखा वरखाली होतो, हे वॉकरांनीच दाखवलं आणि एल निन्योचा आजचा सगळा अभ्यास त्यावर उभा आहे. सबंध देशाला एकच आकडा लावून भागत नाही, हेही त्यांना कळलं. म्हणून द्वीपकल्प वेगळं, वायव्य भारत वेगळा, असे भाग त्यांनी पाडले. तुमचं गाव मात्र त्या द्वीपकल्पात कुठेतरी हरवलेलं.

आता पुण्यात या. 1928 साली सिमल्याचं मुख्य कार्यालय इथं शिवाजीनगरला आलं, तेव्हापासून पुणेकर त्याला ‘सिमला ऑफिस’च म्हणतात. 1930च्या दशकातली जुलैची सकाळ आहे. तारा येताहेत, नुसत्या आकड्यांच्या. एक जण वाचतो, तुम्ही नकाशावरच्या वर्तुळांशेजारी बारीक अक्षरांत उतरवता: वेरावळ, मुंबई, रत्नागिरी, वेंगुर्ले. मग शिसपेन्सिल घेऊन समान दाबाची ठिकाणं जोडत जाता. रेघ चुकते, खोडरबर चालतो, पुन्हा काढता. किनाऱ्याजवळ आल्यावर रेघ सरळ जायला तयार नसते, फुगते. शेजारचे जाणते गृहस्थ त्या फुगवट्यावर बोट ठेवतात: हा कमी दाबाचा पट्टा किनाऱ्याला समांतर उभा राहिला की कोकणाला झोडपणार.

आणि घाटाच्या अलीकडे? तिथे नकाशा गप्प होतो. महाबळेश्वरला वर्षाला 200 इंचांच्या वर पाऊस. घाट उतरून वाईला या, 40 सुद्धा भरत नाहीत. दोन्ही एकाच जिल्ह्यात. अंदाजात दोन्हीसाठी शब्द एकच: ‘बॉम्बे डेक्कन’.

2002 मध्ये फार थांबायला नको, पण उतराच. शास्त्रज्ञ वसंत गोवारीकरांच्या पुढाकारानं 1988 पासून सोळा घटकांवरून अंदाज निघतो आहे आणि बऱ्याच वर्षी तो बसलाही आहे. यंदा तो सरासरीच्या 101 टक्के सांगतो. जुलै कोरडा जातो, पेरलेलं करपतं, हंगाम 81 टक्क्यांवर संपतो. दुबार पेरणीचं बियाणं उधारीवर घेतलेल्या माणसासमोर उभं राहायचं तर टक्केवारीत बोलता येत नाही.

27 जुलै 2005, सकाळचे साडेआठ. देशभरातली पावसाची नोंद याच घटकेला होते. मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांची बेरीज 944 मिलिमीटर. तुम्ही आकडा पुन्हा तपासता, कारण कुलाब्याचा आकडा समोर आहे: 73. एकच शहर, मध्ये पंचवीसेक किलोमीटरचं अंतर. कलिन्यात लोकांनी रात्र छपरांवर काढली, मिठी नदी घरांत शिरली. पश्चिम किनाऱ्यावरचे ढग कुठे दाटताहेत ते पावलागणिक दाखवील असं डॉप्लर रडार मुंबईत नव्हतं. ते नंतर कुलाब्याला बसलं. मला या घटनेतला हा भाग आजही सर्वांत जास्त खुपतो: उपग्रहाला ढग दिसत होते, पण कुणाच्या डोक्यावर ते सांगणारं यंत्र नव्हतं.

आता 2025. पुण्याच्या पाषाणमधल्या उष्णदेशीय हवामान संस्थेत तयार झालेली भारत पूर्वानुमान प्रणाली मे महिन्यात सुरू झाली आहे. पूर्वी 12 किलोमीटरचा एक चौकोन धरून गणित व्हायचं, आता 6 किलोमीटरचा. इतक्या चौकोनात दोनचार गावांची शिवारं मावतात. सोलापूरहून खडी फोडत निघालेला तुमचा प्रश्न पहिल्यांदाच योग्य खिडकीपाशी पोचला आहे. उत्तर दरवेळी बरोबर येईल असं नाही. आभाळ फुटून कोसळणारा पाऊस अजूनही फसवतो. पण चूक झाली तर ती कुठे झाली ते मोजता येतं, कारण ‘महावेध’ प्रकल्पाची दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रं राज्यातल्या महसूल मंडळांत उभी आहेत.

असं एखादं केंद्र बघायला जा. पर्जन्यमापकाच्या आसपास झाड किंवा भिंत असेल तर ती तिच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर हवी. तेवढं अंतर नसेल तर तिथला पाऊस कमी भरतो, आणि नोंदीत आलेला तो खोटा आकडा मंडळातल्या प्रत्येक शेतकऱ्याचा होतो. पीकविम्याची भरपाईही कित्येकदा अशाच आकड्यावर अडते. तेव्हा केंद्रावर लिंबाची फांदी झुकलेली दिसली, तर तलाठ्याला आणि कृषी सहायकाला बोलावून दाखवा आणि ती छाटल्याशिवाय हलू नका.